काका पीत नव्हते, मग यकृत का गेलं?

प्रश्न : आमचे थोरले काका गेल्या वर्षी यकृताच्या कॅन्सरने गेले. माळकरी माणूस. उभ्या जन्मात दारूला शिवले नाहीत, तरी तेराव्याला जेवून गेलेल्यांतले निम्मे लोक 'लपून घेत असणार' असं कुजबुजत बाहेर पडले. डॉक्टरांच्या कागदांवर 'हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं होतं, पण त्या धावपळीत कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. परवा मोबाईलवर वाचलं, की माणसाच्या यकृताच्या पेशींत हेपाकॅम नावाचं जनुक असतं आणि ते गाठ वाढू देत नाही. काकांचं हे जनुक जन्मापासूनच बिघडलेलं होतं का? तसं असेल तर ते आमच्या घराण्यातही उतरलं असेल. त्याची तपासणी कुठे होते? इथल्या लॅबवाल्यांनी तर नावही ऐकलेलं नाही. पत्नीला सातवा महिना लागलाय, त्यामुळे जिवाला घोर आहे. आणखी एक. आईचं ठाम मत आहे, की बुरशी आलेले शेंगदाणे पोटात गेले की लिव्हर जातं. पावसाळ्याची बेगमी भरताना ती या एका गोष्टीवरून सगळ्यांना पिडते. तिच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का?
एक वाचक, मांडवा (ता. अलिबाग)

उत्तर : लॅबवाल्यांना नावं ठेवू नका. यकृताच्या काळजीपोटी हेपाकॅमची तपासणी कुणीच करून घेत नाही. का घेत नाही, ते सांगायला मला आधी सिंगापूरला, मग मुंबईला आणि शेवटी तुमच्या आईच्या सुपापाशी यावं लागेल.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शाली शेन यांचा गट यकृताच्या कॅन्सरवर काम करत होता. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. एकाच रुग्णाच्या यकृतातला गाठीचा तुकडा घ्यायचा, गाठीशेजारचा बरा तुकडा घ्यायचा, आणि बऱ्या भागात चालू असलेली पण गाठीत बंद पडलेली जनुकं शोधायची. अशा शोधात २००३ मध्ये त्यांना हेपएन-१ हे एक छोटं जनुक सापडलं, आणि २००५ मध्ये त्याचा मोठा शेजारी, म्हणजे तुमचं हेपाकॅम. दोन्ही अकराव्या गुणसूत्रावर एकाच जागी आहेत, डीएनएच्या समोरासमोरच्या दोन धाग्यांवर. हेपाकॅमपासून ४१६ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं. ते पेशीच्या पडद्यात रुतून बसतं आणि त्याचं एक टोक बाहेर राहतं. शेजारच्या पेशीला आणि भोवतालच्या जाळीला पेशी धरून ठेवते, त्यात त्याचा हात असतो. गाठीच्या पेशींत ते फारसं दिसत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या कॅन्सरपेशींत ते पुन्हा घातलं, तर त्या पेशींची वाढ मंदावते. याच गटाने पुढे स्तनाच्या कॅन्सरपेशींवरही प्रयोग केला. तिथे पेशी म्हाताऱ्या झाल्यासारख्या विभाजन थांबवून बसल्या आणि त्यांच्यात पी-५३ या प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे पी-५३ नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही मोबाईलवर वाचलं ते इथवरचं, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त गोष्ट अर्ध्यावर सोडलेली आहे. उरलेली अर्धी मेंदूत आहे.

१९९०च्या दशकात मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी गुरसहानी, उदानी, बिनीवाले हे काही लहान मुलांच्या आजाराने कोड्यात पडले होते. पहिल्याच वर्षात मुलाचं डोकं भराभर मोठं व्हायचं. चालायला लागल्यावर तोल जायचा, पुढे फिट्स यायच्या. मेंदूचा एमआरआय काढला, तर आतला पांढरा भाग सुजलेला दिसायचा. पण चित्र एवढं वाईट दिसत असूनही मूल बोलायचं, हसायचं, ओळखायचं. हे कोडं आणखी विचित्र होतं, कारण मुलं बहुतेक एकाच समाजातली होती, अगरवाल. या डॉक्टरांचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेदरलंड्समध्ये मार्यो फान देर क्नाप यांनी १९९५ मध्ये असाच आजार वर्णन केला होता. पुढे २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं, आणि अगरवाल मुलांत त्या जनुकातली एकच एक चूक पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहे हेही कळलं.

पण काही रुग्णांत ते जनुक ठणठणीत होतं. त्यांच्यात बिघडलेलं दुसरं जनुक कोणतं, ते २०११ मध्ये उघड झालं : तुमचं हेपाकॅम. तोवर हेही माहीत झालं होतं, की या प्रथिनाचा मुख्य मुक्काम यकृतात नसून मेंदूतल्या आधारपेशींत आहे. यकृताच्या गाठी तपासणाऱ्यांना ते आधी भेटलं, म्हणून त्याला यकृताचं नाव चिकटलं, एवढंच.

आता तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट बघा. आईकडून आणि बापाकडून आलेल्या हेपाकॅमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या अशी मुलं जगात आहेत. ते जनुक यकृताला कॅन्सरपासून एकट्याने वाचवत असतं, तर या मुलांच्या यकृतात गाठी व्हायला हव्या होत्या. त्यांच्या आजाराच्या वर्णनात मेंदू आहे, यकृताची गाठ नाही. एकच प्रत बिघडली, तर काही मुलांत आजार सौम्य असतो आणि वयाबरोबर ती सुधारतात. मला यातून एवढंच दिसतं, की गाठीत हेपाकॅम बंद पडतं हे खरं असलं, तरी ते गाठीच्या घडामोडीतलं एक पाऊल आहे. गाठ सुरू करणारा दुसराच कुणी असतो. काकांच्या गाठीतही हेपाकॅम बंद पडलं असेल, पण म्हणून ते जन्मापासून बिघडलेलं होतं असं होत नाही आणि पुतण्यांत उतरण्याचा प्रश्नच येत नाही. तपासणीचे पैसे वाचवा. ते पुढे वेगळ्या ठिकाणी लागतील.

मग गाठ सुरू कशी होते? इथे आईचे शेंगदाणे येतात, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

वसंत रामजी खानोलकर हे टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक निबंध लिहिला होता. धोतराची गाठ जिथे कमरेला वर्षानुवर्षं घासते त्याच पट्ट्यावर कातडीचा कॅन्सर होतो, तंबाखू-चुन्याची गोळी ओठामागे जिथे धरतात तिथेच तोंडाचा होतो, अशी निरीक्षणं त्यात आहेत. गाठ कुठे आहे यावरून त्यांनी माणसाची सवय ओळखली. खानोलकर पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्या केंद्राचा आजचा वारसा तुमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात आहे. यकृत शरीराच्या आत दडलेलं. त्याच्यावरची खूण खानोलकरांना डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. ती दिसायला १९९१ साल उजाडावं लागलं, आणि ती सापडली पी-५३ या जनुकात.

पी-५३ हे सतराव्या गुणसूत्रावरचं जनुक. पेशीच्या डीएनएला इजा झाली, की त्याचं प्रथिन विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि इजा फारच असेल तर पेशीला मरायला लावतं. ते १९७९ मध्ये सापडलं, पण ते कॅन्सर रोखतं हे पक्कं व्हायला आणखी दहा वर्षं गेली. (हत्तीकडे याच्या चाळीसेक प्रती असतात, आपल्याकडे दोनच. एवढ्या अवाढव्य देहात कॅन्सर इतका कमी का, याचं निदान अर्धं उत्तर तिथे आहे, असं २०१५ पासून मानतात.) माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरांत हे जनुक कुठे ना कुठे बिघडलेलं सापडतं, आणि बिघाडाची जागा बहुधा विखुरलेली असते. पण चीनमधल्या चिडोंग भागातले आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचे यकृत-कॅन्सरचे रुग्ण तपासले, तेव्हा दोन वेगवेगळ्या गटांना एकच गोष्ट दिसली. पी-५३ मधल्या २४९व्या जागी 'एजीजी' ही तीन अक्षरं असतात, तिथे 'एजीटी' झालेलं. शेवटचं एक अक्षर बदललं. त्यामुळे प्रथिनात आर्जिनीनच्या जागी सेरीन येऊन बसलं आणि पी-५३ निकामी झालं. मैलोन्‌मैल दूर राहणाऱ्या माणसांत नेमकी तीच जागा आणि नेमकं तेच अक्षर. दोन्ही मुलखांत अन्नाला एक बुरशी लागत होती, अ‍ॅस्परजिलस फ्लेवस.

हिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिलं पटापट मेली, ती ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. तिथून हे विष जगाला माहीत झालं. आपल्याकडेही त्याकडे लवकर लक्ष गेलं. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत पी. जी. तुळपुळे, माधवन आणि गोपालन यांनी माकडांना अफ्लाटॉक्सिन देऊन त्यांच्या यकृताची काय अवस्था होते ते १९६४ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. गंमत अशी, की हे विष पोटात जातं तेव्हा तितकं घातक नसतं. ते पचवून बाहेर टाकायला यकृत त्यावर रासायनिक क्रिया करतं, आणि त्या क्रियेतच ते डीएनएच्या 'जी' अक्षराला घट्ट चिकटणारं रूप घेतं. चिकटलेल्या जागी पुढे नक्कल करताना पेशी चुकते आणि 'जी'चा 'टी' होतो. म्हणून मार यकृतालाच बसतो.

तुमची आई 'लिव्हर जातं' म्हणते ते एका झटक्यातही होऊ शकतं. १९७४च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत दीडशेहून जास्त खेड्यांत काविळीची साथ आली. अवेळी पावसात भिजलेला मका आदिवासी घरांनी तसाच साठवला होता आणि तोच खाल्ला जात होता. ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. एरवीची कावीळ माणसाकडून माणसाला पसरते, इथे तसं नव्हतं. तो मका खाणारी घरं आजारी पडत होती, आणि त्याच घरांतली कुत्रीसुद्धा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मक्यातलं विष मोजून हे सिद्ध केलं.

रोजच्या जेवणातून थोडंथोडं जाणारं विष मात्र आज खाल्लं तर उद्या त्रास देत नाही. तो हिशोब वर्षांचा असतो. आणि तुमच्या काकांच्या बाबतीत त्याहून मोठा मुद्दा त्या न वाचलेल्या कागदावर आहे.

शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट निघाला. ज्यांना हेपॅटायटिस बी होता त्यांना सुमारे सातपट. आणि ज्यांच्याकडे दोन्ही होतं त्यांना? दहापट नव्हे, साठपटीच्या घरात. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात बोलका आकडा आहे. तुमची आई जे सांगते ते खरं आहे, आणि हेपॅटायटिस बी असलेल्या घरात तर दुप्पट जपून पाळायचं आहे.

हेपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःचे तुकडे घुसवतो. यकृत सुजतं, मरतं, नव्या पेशी बनवतं, पुन्हा सुजतं. असं तीस-चाळीस वर्षं चालतं आणि बहुतेक वेळा माणसाला पत्ताही नसतो. दारूचा थेंब लागत नाही. तेराव्याच्या मंडळींना हे सांगायला हरकत नाही, ऐकतील न ऐकतील. आपल्याकडे यकृताचा आजार म्हटलं की एक दारू नाहीतर एक कावीळ, आणि कावीळ म्हटली की गळ्यात माळ घालून ती 'उतरवणारा'. दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई कावीळ बहुतेकांत आपली आपण उतरते आणि श्रेय माळेला जातं. बी मात्र कावीळ न होताही आत बसून राहू शकतो.

तुम्ही विचारलंत, घराण्यात उतरलं असेल का. उतरतो तो हा विषाणू, आणि म्हणूनच एकाच घरात यकृताचे रुग्ण दिसले, की लोकांना ते आनुवंशिक वाटतं. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण होते. जन्मताना लागलेला विषाणू दहातल्या नऊ मुलांत कायमचा राहतो. मोठेपणी लागला, तर शंभरात पाचांहून कमी जणांत राहतो. काका साठीचे असले, तर त्यांच्या जन्माच्या वेळी लस नव्हतीच. विषाणूचा शोधच १९६०च्या दशकात बारुच ब्लूमबर्ग यांनी लावला. तेव्हा संशय जातो आजीवर, आणि त्यामुळे तुमच्या वडिलांवर आणि आत्यांवरही. त्यांची तपासणी पहिली. मग काकू, चुलत भावंडं आणि तुम्ही. रक्ताच्या या तपासणीला एचबीएसएजी म्हणतात. ती स्वस्त आहे आणि तुमच्या लॅबवाल्यांना नक्की माहीत आहे. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. ताटवाटी, हस्तांदोलन, एका मडक्यातलं पाणी यांतून हा पसरत नाही. वस्तरा, सुई, रक्त आणि शरीरसंबंध यांतून पसरतो. कुणी पॉझिटिव्ह निघालं, तर त्याचं ताट वेगळं करू नका, वस्तरा वेगळा करा. त्याला विषाणू दाबून ठेवणारी गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली, तर ती चुकवू नका, कारण लहान असताना सापडलेली गाठ काढता येते. निगेटिव्ह निघालेल्यांनी लस घ्यावी, मोठ्यांना तीन डोस, सहा महिन्यांत पुरे होतात.

लस किती कामाची, याचा पुरावा तैवानने दिला. १९८४ पासून तिथे बाळांना ती देऊ लागले आणि पुढच्या दहाएक वर्षांत सहा ते चौदा वयाच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. कॅन्सर रोखणारी पहिली लस तिला म्हणतात ते यामुळे. आपल्याकडे देशी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली, तेव्हा किंमत एकदम खाली आली. देशभरच्या लसीकरणात ती २०११च्या सुमारास पोचली. म्हणजे तुमच्या पिढीला ती बहुधा मिळालेलीच नाही.

शेंगदाण्यांचं म्हणाल, तर आई करते तेच करा. सुपात पसरून काळे पडलेले, सुरकुतलेले, फुटके, हिरवट-पिवळी भुकटी धरलेले दाणे वेचून फेका. बहुतेक विष अशा थोड्या दाण्यांतच साठलेलं असतं, त्यामुळे निवडण्याने खरोखर फरक पडतो. धुऊन किंवा भाजून विष जातं या भ्रमात राहू नका. भाजल्याने थोडं कमी होतं, पण स्वयंपाकाच्या आचेला ते पुरून उरतं. कोंबड्यांना-गुरांनाही घालू नका, दुभत्या जनावराच्या दुधातून त्याचा अंश परत तुमच्याच कपात येतो. माझा स्वतःचा आक्षेप आहे तो बाजारच्या तयार दाण्याच्या कुटावर. आत काय दळलंय ते दिसत नाही. दाणे आणा, निवडा, भाजा, कूट घरी करा. खोबऱ्याच्या वाट्या आणि सुक्या मिरच्या यांनाही हीच बुरशी धरते. तुमच्याकडची समुद्राची दमट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस बघता चार महिन्यांचं एकदम न भरता, कडक उन्हात वाळवून झाकणबंद डब्यात थोडंथोडं भरलेलं बरं.

आता पत्नीबद्दल, आणि हे लगेच करायचं आहे. गरोदरपणाच्या तपासण्यांत एचबीएसएजी झाली आहे का, ते तिच्या कार्डावर बघा. नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. निगेटिव्ह असेल तर प्रश्न मिटला, बाळाला नेहमीप्रमाणे जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस आणि पुढे सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लस मिळेल. पॉझिटिव्ह असेल, तरी घाबरू नका, पण दोन गोष्टींना आता उशीर नको. एक, तिच्या रक्तात विषाणू किती आहे ते मोजून, तो फार असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून टेनोफोविर ही गोळी सुरू करतात, आणि सातवा महिना म्हणजे नेमकी तीच वेळ. दोन, बाळाला लसीबरोबरच हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन नावाचं दुसरं इंजेक्शनही, शक्यतो बारा तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत द्यावं लागतं. लस सरकारी दवाखान्यात असते, हे इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. ते थंड जागीच ठेवावं लागतं. बाळंतपण अलिबागला ठरलं असेल, तर तिथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ते फ्रीजमध्ये आणून ठेवायला सांगा. दिवस पावसाळ्यात भरत असतील तर हे आणखी आधी उरका. गेटवेच्या लाँच तेव्हा बंद असतात, रो-रो बोटीचं समुद्राच्या मर्जीवर, आणि वडखळमार्गे मुंबईला माणूस पाठवून परत येईतो बारातले निम्मे तास सहज जातात.